चकचकीत ॲपआधी ग्रेप

पुसदमध्ये १९८३पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्याच नव्हे, कुठल्याही संगणक-विद्यार्थ्याला ॲप बनवण्याआधी लिनक्सच्या काळ्या पडद्यावरचा ग्रेप यायलाच हवा.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने लिहिलेला हा प्रोग्रॅम १९७३च्या सुमारास युनिक्समध्ये आला. आजही तो लाखो ओळींतून हवी ती ओळ क्षणात काढतो, तीही मराठीत. ‘पुसद’ शोधा, ‘पुसदला’, ‘पुसदकर’ही सापडतात. ‘मुलगा’ शोधलात तर ‘मुलाला’ मात्र हुकतो. तिथे नुसते ‘मुल’ लिहावे. (सोबत ‘मुलाखत’ही येईल, पण तेवढे चालायचेच!)

सापडलेल्या ओळी > या चिन्हाने फायलीत वळवता येतात. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर जुना मजकूर सहसा न विचारताच पुसला जातो. भर घालायची असेल तर >> हवे.

चुकांचे संदेश तरीही पडद्यावरच उमटतात. ते वळवायला चिन्हाआधी दोनचा आकडा लागतो.