चार तारा, चाळीस मिनिटं

'बेस वाढव रे!' हे वाक्य आपल्याकडे कुठेही ऐकू येतं. लग्नाच्या वरातीत, गणपतीत, मित्राच्या नव्या गाडीत मागच्या सीटवरून. बेस सगळ्यांनाच हवा असतो. तो वाजवतो कोण, हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. कुठल्याही बँडचा फोटो दाखवा आणि विचारा, यातला बेसिस्ट कुठला? 'तो काय, दुसरा गिटारवाला' हे उत्तर ठरलेलं! त्यामुळे लीड गिटारचं ग्लॅमर सोडून ज्यांनी हे चार जाड तारांचं धूड गळ्यात अडकवलंय, त्यांच्याबद्दल मला जाम आदर आहे. (मीही त्यातलीच. तेव्हा आदर थोडा जास्तच असणार.)

या मंडळींचा पहिला प्रॉब्लेम म्हणजे गुरू. गिटारचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण बेस शिकवणारा शोधायला निघालात तर चपला झिजतील. बहुतेक ठिकाणी गिटारचे सरच सांगतात, 'अरे, गिटारच्या वरच्या चार तारा, फक्त एक सप्तक खाली. येईल तुला.' तांत्रिकदृष्ट्या सरांचं बरोबर आहे, पण पोहायला शिकवताना 'पाणीच तर आहे' म्हणावं, तसं ते बरोबर आहे. मग उरतं काय? यूट्यूब. आणि तिथे गुरू एक नाही, हजार. इथून खरी पंचाईत सुरू होते.

माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने हप्त्यांवर बेस घेतला. आठ महिन्यांत 'वॉच लेटर'मध्ये दोनशेच्या वर व्हिडिओ जमवले आणि एकही गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं नाही. अशात कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकाचं लग्न ठरलं. संगीतला जुन्या बँडने तीन गाणी वाजवायची, असा बेत शिजला. पठ्ठ्याला घाम फुटला. रात्री साडेअकराला फोन.

"अगं, बेस ओएलएक्सवर टाकतोय."

"का रे? हप्ते संपले?"

"कसले संपतायत! पण तो कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघतो. मला नाही जमणार यार. माझ्यामुळे बाकीचे चौघं अडकतील."

"थांब जरा. रोज वेळ किती मिळतो तुला?"

"जेवण, डबा घासणं वगैरे झालं की चाळीस मिनिटं. त्यातली तीस बघण्यातच जातात."

ती तीस मिनिटं कुठे जातात, हे मला सांगता येतं. मास कॉमच्या दोन वर्षांत दुसरं काही शिकले नसेन, पण लोक काय बघतात आणि त्यांना काय उपयोगी पडतं यातला फरक मात्र डोक्यात पक्का बसला. बेसच्या बाबतीत हा फरक जास्तच मोठा आहे, आणि त्यामागे फिजिक्स आहे. बेसच्या सगळ्यात जाड 'ई' तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला इतकं खाली उतरताच येत नाही. त्यातून आपल्याला ऐकू येतात ते फक्त वरचे उपस्वर, बाकीचं मेंदू अंदाजाने भरून घेतो. म्हणजे बेसिस्ट ड्रमच्या बरोबरीने गुपचूप, जाड, गोल सूर लावून गाणं उचलून धरत असेल, तर फोनवर ते जवळजवळ गायब. याउलट अंगठ्याने तार आपटून काढलेला स्लॅपचा खणखणाट, किंवा दोन्ही हातांनी केलेलं टॅपिंग? ते फोनवर लख्ख ऐकू येतं, आणि दिसायलाही भन्नाट! मग तेच बघितलं जातं, तेच पुढे ढकललं जातं. बेसवर बेससारखं सोडून बाकी सगळं वाजवणारे स्टार होतात, ते असे.

म्हणून पहिली अट चॅनेलची नाही, तुमची. हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर बेसचा धडा बघणं म्हणजे टीव्हीवर बिर्याणी खाणं.

इटलीचा डेव्ही५०४ तुम्हाला माहीत असेलच. एक कोटीच्या वर सबस्क्रायबर, चेहऱ्यावरची माशी हलत नाही आणि दर दोन मिनिटांनी स्लॅप. मला तो आवडतो. हात तयार आहे आणि टायमिंग तर विनोदातही आहे. पण ती करमणूक आहे, क्लास नाही. चार्ल्स बर्थूडचं टॅपिंग बघून तर बोटं तोंडात जातात, आणि तोंडात गेलेली बोटं तारेवर येत नाहीत, हाच त्रास. दोघांनाही रविवारी दुपारी बघा. चाळीस मिनिटांच्या हिशेबात धरू नका.

मग धरायचं कुणाला? मी कुठलाही नवा चॅनेल उघडला की आधी उजवा हात शोधते. नव्वद टक्के लोक डाव्या हाताचा क्लोजअप दाखवतात, कुठल्या पट्टीवर बोट वगैरे. बेसमधली अर्धी गोम उजव्या हातात असते, कारण सूर लावण्याइतकंच तो थांबवणंही महत्त्वाचं. ज्या तारा वाजत नाहीत त्या गप्प ठेवणं, सूर नेमका कुठे तोडायचा हे ठरवणं, याला म्यूटिंग म्हणतात. ते न सांगणारा मास्तर कितीही गोड बोलत असला तरी पुढे चला. मग बघायचं की हा माणूस ड्रमबरोबर किंवा निदान मेट्रोनोमबरोबर वाजवतो की हवेत. हवेत सगळेच उस्ताद असतात. आणि शेवटी, व्हिडिओ संपल्यावर माझ्या हातून काही वेगळं निघालं का? दोन व्हिडिओंत नाही निघालं, तर राम राम.

अगदी नवख्यांसाठी माझा कौल जॉश फॉसग्रीनच्या बेसबझला. जोक पाणचट असतात, पण एका वेळी एकच गोष्ट, ती सावकाश, आणि लगेच ठेक्यावर. अपलोडही भाराभर नाहीत, ही मोठीच सोय. त्याचा पूर्ण कोर्स पैसे देऊन घ्यावा लागतो, पण फुकटचं सामान सुरुवातीचे काही महिने पुरेल एवढं आहे. स्कॉट डिव्हाइनचा स्कॉट्स बेस लेसन्स हा त्याहून पसरलेला कारखाना. स्कॉट हातमोजा घालून वाजवतो, आणि ती स्टाइल नाही बरं का! त्याला फोकल डिस्टोनिया आहे, म्हणजे मेंदूकडून बोटांना जाणारे हुकूम मध्येच बिघडतात, आणि मोज्याने त्याला फरक पडतो. ज्याला आपल्या बोटांशी रोज तह करावा लागतो, तो तंत्राबद्दल बोलतो तेव्हा मी निमूट ऐकते. 'ही चूक करताय का?' टाइपच्या त्याच्या थंबनेलांना मात्र भीक घालू नका. कॉर्ड टोन्सवरचे जुने धडे शोधा. कॉर्ड टोन्स म्हणजे काय, तर सा, ग, प. कॉर्ड बदलला की सा बदलतो, आणि नव्या सा पर्यंत कुठल्या वाटेने जायचं हे बेसवाला ठरवतो. एवढं कळलं की निम्मी हिंदी गाणी उलगडतात.

मार्क स्मिथचा टॉकिंगबास दिसायला सगळ्यात बोअरिंग आणि मला सगळ्यात प्यारा. ना लाइट, ना ड्रामा. शाळेतल्या गणिताच्या चांगल्या सरांसारखा एकेक पायरी चढवतो. सरगम, कॉर्ड, नोटेशन वाचणं, सगळं क्रमाने. न्यूयॉर्कचा अ‍ॅडम नीली मोठा डोकेबाज. युरोपातल्या अठराव्या शतकातल्या काही गोऱ्या संगीतकारांच्या पद्धतीलाच आपण 'म्युझिक थिअरी' का म्हणतो, यावरचा त्याचा २०२० सालचा लांबलचक व्हिडिओ प्रत्येक संगीतवेड्याने बघावा. पण रियाझ झाल्यावर, जेवताना. त्यातून बेस येत नाही, बोलायला विषय येतात.

आता खजिना. पॉल थॉम्प्सनचा पीडीबास. हा बाबा जुने सोल, फंक, डिस्कोचे बेसवादक घेतो आणि त्यांच्या ओळी आपल्यापुढे उलगडतो. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन मला असाच कळला. साठच्या दशकात मोटाउन कंपनीच्या हिट गाण्यांमागे याचा बेस, तोही उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवलेला. त्या बोटाला लोक 'हुक' म्हणत. एक बोट! आणि आम्ही इथे तीन बोटं की चार यावर रात्री जागवतो. जग त्या गाण्यांवर नाचत होतं आणि रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. १९७१ साली मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर वादकांची नावं छापली गेली तेव्हा कुठे ते लोकांना दिसलं. १९८३ मध्ये तो गेला. आज त्याचा नुसता बेस वेगळा काढलेले ट्रॅक यूट्यूबवर सापडतात. डोळे मिटून ऐका. पाहुणे यायच्या आधी घर आवरून ठेवणाऱ्या बाईसारखा तो गाणाऱ्याच्या पुढे पुढे जागा करत जातो.

आणि नाव न छापण्याची गोष्ट काही डेट्रॉइटचीच नाही. आपल्या फिल्मी रेकॉर्डिंगमधल्या वादकांचं आणखी काय झालं? ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंमधल्या वादकांशी बोलून २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे अख्खं पुस्तक लिहिलं. पंचमदांच्या ताफ्यात बेस गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांना माहीत आहे? पुण्यात पंचममॅजिकच्या कार्यक्रमांत पंचमच्या वादकांना मंचावर बोलावून बोलतं केलं जातं. असे व्हिडिओ 'बेस लेसन' म्हणून शोधलेत तर कधीच सापडणार नाहीत. वादकाचं नाव टाकून शोधा. खूप काही हाताला लागतं.

आजच्यांपैकी मोहिनी डे. १९९६ चा जन्म, मुंबईची मुलगी, वडील सुजॉय डे स्वतः बेसिस्ट. २०१३ मध्ये कोक स्टुडिओत ए. आर. रहमानच्या 'आओ बलमा'मध्ये तिला पाहून आमच्या पिढीतल्या किती मुलींनी बेस बघितला असेल कोण जाणे. २०२३ मध्ये तिचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला. तिचा वेग बघून खचू नका. ती तोंडाने कोन्नकोल म्हणते ते ऐका. दाक्षिणात्य तालाचे बोल आधी जिभेवर, मग तेच तारेवर. तबल्याचा ठेका कानात घेऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे फुकट मिळालेलं भांडवल आहे. आणि इंडियन ओशनचा राहुल राम! कॉर्नेलचा पीएचडी, नर्मदा आंदोलनात राबलेला, गाता गाता बेस वाजवणारा. गाणं एका लयीत आणि हात दुसऱ्या, हे किती कठीण असतं ते करून बघा. त्यांचे लाइव्ह व्हिडिओ कुठल्याही ट्युटोरियलइतकंच शिकवतात.

तर, मित्राची 'वॉच लेटर' आम्ही रिकामी केली. दोनशेच्या दोनशे. त्याला दात उपटल्यासारखं झालं. ठेवलं बेसबझ, टॉकिंगबास आणि संगीतची तीन गाणी. दहा मिनिटं बघायचं, तीस वाजवायचं, आणि पहिले दहा दिवस प्रत्येक कॉर्डचा नुसता सा. 'हे तर काहीच नाही' म्हणत होता. पाचव्या दिवशी रेकॉर्डिंग पाठवलं, त्यात 'काहीच नाही'सुद्धा ठेक्याच्या मागे पडत होतं. मग गप्प बसला आणि लागला कामाला. आता पाच आठवडे झालेत. दोन गाणी उभी राहिली आहेत. तिसऱ्यात अंतऱ्याला अजून गडबडतो. संगीत पंधरा दिवसांवर आहे, बेस ओएलएक्सवर नाही.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. यूट्यूबवर स्पीड ०.७५ केला तरी सूर खाली जात नाही, तेव्हा लाजू नका, सावकाश वाजवा. कॉम्प्युटरवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, स्वल्पविरामाने मागे. बोट नेमकं कधी उचललं ते तिथे कळतं. राइट क्लिक केलं की लूपही मिळतो. बेस हेडफोनवर वाजवणार असाल तर वायरचा घ्या. ब्लूटूथमध्ये सूर अंमळ उशिरा कानावर येतो आणि तुमची लय उगाचच बदनाम होते. १९८५ चा जॅको पास्टोरियसचा 'मॉडर्न इलेक्ट्रिक बेस' हा शिकवणीचा व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा. व्हीएचएसच्या जमान्यातला आहे, चित्र धूसर आहे, पण समोर बसून जेरी जेमॉट त्याला बोलतं करतोय आणि हात दोन्ही दिसतात.

मराठीतून नीट बेस शिकवणारा, माझ्या मनासारखा चॅनेल मला अजून सापडलेला नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर नक्की कळवा. कॅमेरा साधा असला तरी चालेल, उजवा हात तेवढा फ्रेममध्ये हवा.