चूक सुधारण्याची विद्या

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीच्या परिसरात कुंभारवाडा हे नाव आजही टिकून आहे आणि सतराव्या शतकात मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरीने याच शहराला भाजलेल्या मातीच्या नळांतून पाणी पुरवले. त्यामुळे कुंभारकामाचे शिक्षण हा येथील वारशाचाच प्रश्न ठरतो.

शिकाऊ हाताची पहिली चूक मध्य साधताना, म्हणजे फिरत्या चाकाच्या केंद्रावर मातीचा गोळा स्थिर करताना, होते; तो किंचित सरकला तरी भांड्याची भिंत एकीकडे जाड व दुसरीकडे पातळ होते, म्हणून ती वर ओढत राहण्याऐवजी गोळा पुन्हा दाबून बसवावा लागतो. भांडे अर्धवट सुकल्यावर आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने, म्हणजे लाकडी फळीने, ठोकले की उरलेली जाडी सारखी होते. पूर्ण फसलेले कच्चे भांडे भिजवून त्याची पुन्हा माती करता येते. आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजल्यावर मात्र मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि ती वाट बंद होते.

चूक वेळीच ओळखणे हाच या विद्येचा गाभा असल्याने तिला शालेय कलाशिक्षणात नियमित स्थान मिळाले पाहिजे आणि ती शिकवण्याचा पहिला मान, योग्य मानधनासह, परंपरेने चाक सांभाळणाऱ्या कारागिरांना दिला पाहिजे.