चाकांवरचं बाथरूम

कॅम्पर व्हॅनच्या जाहिराती बघितल्यात? समुद्र, सूर्यास्त, गिटार आणि एक देखणं कपल. बॉस, खरा यूएसपी कुणी सांगतच नाही. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, कपाटाएवढ्या जागेत, चक्क टॉयलेट असतं!

माझी आई सांगलीबाहेर निघायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. रस्त्यातल्या ‘सोयी’ तिला ठाऊक आहेत आणि गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही. त्यामुळं गेली काही वर्षं प्रत्येक ट्रिपला एकच उत्तर : ‘तुम्ही जाऊन या.’ शेवटी दादानं आणि मी भाडं अर्धं-अर्धं वाटून (तरी चटका बसलाच) दोन दिवसांसाठी व्हॅन घेतली. ड्रायव्हरमामांसकट. सांगली ते कुंभार्ली घाटमाथा आणि परत, असा साधा प्लॅन.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण वगैरे आणलं, पण आपल्याकडं बिऱ्हाड घेऊन घाट उतरणं नवीन नाही. दिवाळीनंतर आटपाडी-माणकडचे धनगर घोड्यावर संसार बांधून मेंढरांसह कोकणात उतरत आलेत. त्यांच्यापुढं आमचा फ्रिज म्हणजे नुसता शो!

कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत गेलो. पाटणनंतर रस्ता कोयनेच्या काठाकाठानं जातो आणि मूड बदलतो. धरण दिसल्यावर मात्र आई गप्प झाली. सांगलीकराला कोयना म्हणजे पिकनिक स्पॉट नाही. १०५ टीएमसी हा आकडा आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘कोयनेतून किती सोडलं?’ हाच दिवसभराचा प्रश्न होता, आमच्या घरात पाणी कमरेपर्यंत होतं.

‘एवढंसंच दिसतंय की गं,’ ती म्हणाली.

गंमत बघा, हे पाणी दोन समुद्रांना जातं. नदीत सोडलेलं कराडला कृष्णेला मिळून सांगलीवरून बंगालच्या उपसागराकडं. आणि सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलेलं पोफळीला वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्राकडं. दादानं हे समजावल्यावर आईनं विचारलं, ‘मग पावसाळ्यात तिकडंच जास्त का नाही धाडत?’ प्रश्न बरोबर आहे. पण बोगद्यांची क्षमता ठरलेली, आणि पलीकडं चिपळूण. २०२१ च्या जुलैत तेही बुडालं होतं.

मुक्कामाचं म्हणाल तर ‘जंगलात कुठंही गाडी लावू’ हा फंडा इथं चालत नाही. हा सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. आम्ही कोयनानगरजवळ एका घरगुती खानावळीच्या अंगणात परवानगी घेऊन थांबलो. पिठलं-भाकरी त्यांची, बेड आमचा.

सकाळी घाट. व्हॅन उंच, वळणावर झुलते. आतल्या कपाटांना कड्या घातल्या नाहीत तर डबे अंगावर येतात. मामा उताराला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांवर जाम भडकतात. ‘ताई, ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं. ब्रेक तापले की संपलं.’ चढणाऱ्या गाडीला वाट देणं हा नियम ते पाळतात, समोरचे पाळत नाहीत.

घाटमाथ्यावर थांबलो. खाली कोकण, धुक्यातलं. मी चहा टाकला. आईनं आधी अख्खा तांब्याभर पाणी प्यायलं, मग चहा, मग पुन्हा पाणी. प्रवासात! दादा आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

‘मामा, चिपळूण किती लांब?’ तिनं विचारलं.

‘तासभर, काकू.’

‘मग चला की. गुहागरला समुद्र आहे नव्हं?’

दादानं ऑफिसला फोन लावला. मी व्हॅनवाल्याला एका दिवसाचं जादा भाडं विचारलं आणि मामांनी टाकीत पाणी किती उरलंय ते बघितलं.