ढाल कोणाची, हुकूम कोणाचा?

दंगल शमली की एक ठरलेली मागणी पुढे येते: पोलिसांना नवी साधने द्या, आणखी एक तुकडी उभारा. साधने कमी असतीलही; पण ही मागणी बहुतेक वेळा पळवाट असते.

शीघ्र कृती दलाचाच इतिहास पाहा. केवळ दंगली आवरण्यासाठी केंद्रीय राखीव पोलीस दलातून १० बटालियन वेगळ्या काढल्या आणि ७ ऑक्टोबर १९९२ पासून हे दल कामाला लागले. लांबून ओळखू यावा असा निळा गणवेश. हाती लाठी, ढाल, अश्रुधुराची नळकांडी. लवकर पोचायचे आणि कमीत कमी बळ वापरायचे, ही कल्पना उत्तमच.

दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबरी मशीद पाडली गेली. केंद्रीय दलांच्या तुकड्या जवळच तळ ठोकून होत्या. राज्य सरकारने त्यांना वेळेत कामाला लावलेच नाही. पाठोपाठ मुंबईच्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली बोट ठेवले ते पोलिसांच्या पक्षपातावर आणि राज्यकर्त्यांच्या कचखाऊपणावर. यावर कुठली ढाल पुरणार?

कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय. केंद्राचे दल राज्याने मागितले तर येते. जमाव पांगवण्याचा हुकूम द्यायचा तो दंडाधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने. हुकूमच आला नाही तर निळा गणवेशवालाही बघ्याच! उलट हुकूम बेफाम असला तर सौम्य म्हणवणारे हत्यारही क्रूर होते. काश्मिरात २०१६ मध्ये पेलेट बंदुकांनी शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाली.

२०१८ मध्ये दलाच्या ५ बटालियन वाढल्या. हुकूम टाळणाऱ्याला जाब विचारायची सोय मात्र तेवढी वाढली का?

"हे सगळे बाहेरचे, आमच्या गोव्यात असले काही होत नाही," असे म्हणणाऱ्यांनी मार्च २००६ चे सावर्डे-कुडचडे आठवावे. पुढच्या वेळी नवी गाडी, नवी ढाल मागण्याआधी आपण एवढेच मागू या: हुकूम कोणी दिला, किती वाजता दिला, की दिलाच नाही, याची नोंद महिन्याभरात लोकांपुढे ठेवा. ढाल पोलिसाच्या हाती असते. ती कोणाच्या बाजूने उभी राहणार, हे ठरवणारा मात्र खुर्चीत बसलेला असतो, आणि त्याला आपणच तिथे बसवलेले असते.