शेजाऱ्यांच्या भांडणात अडलेला खो

दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा शेवटची झाली ती २०१९ च्या डिसेंबरात, नेपाळमध्ये. पुढची पाकिस्तानात व्हायची होती. तारखा ठरल्या, पुढे ढकलल्या, पुन्हा ठरल्या, पुन्हा पुढे गेल्या. दिल्लीत किंवा मुंबईत यावाचून कुणाचे काही अडले नाही. अडले ते धाराशिवसारख्या जिल्ह्याचे. या जिल्ह्याच्या मुली ज्या खेळात देशात नाव काढतात, त्या खो-खोला अनेक खेळांच्या आंतरराष्ट्रीय मेळ्यात पदकाचे दार उघडले ते फक्त याच स्पर्धेने.

इतर खेळांत आपल्याला या स्पर्धेचे अप्रूप नाही, हे खरे. ऑलिम्पिकच्या तयारीतले बडे खेळाडू तिकडे सहसा फिरकत नाहीत आणि दुसऱ्या फळीच्या जोरावरही भारत पदकांची लयलूट करून येतो. २०१९ मध्ये आपण ३१२ पदके आणली, त्यात १७४ सुवर्ण. यजमान नेपाळने ५१ सुवर्णपदके मिळवली तर तिथे तो राष्ट्रीय आनंदाचा विषय झाला. आपल्याकडे त्या सुवर्णविजेत्यांपैकी चार नावेही कुणाला सांगता येणार नाहीत. थोरल्या भावाला धाकट्यांच्या खेळात जिंकण्याचे कौतुक वाटत नाही, तसा हा प्रकार. खो-खोचे गणित मात्र निराळे आहे. हा खेळ आशियाई स्पर्धेत पदकासाठी नाही, राष्ट्रकुलमध्ये नाही, ऑलिम्पिकचे तर नावच नको. १९८७ मध्ये कोलकात्याच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. पदकाचा खेळ म्हणून मान मिळायला २०१६ चे गुवाहाटी उजाडावे लागले. तिथे भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही सुवर्णपदके जिंकली, आणि महिला संघाची कर्णधार होती तेव्हाच्या उस्मानाबादची, आजच्या धाराशिवची, सारिका काळे.

सारिकाची गोष्ट या जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे, तरी तिच्यातला एक तपशील पुन्हा सांगायला हवा. घरची परिस्थिती अशी की जवळपास दहा वर्षे दिवसातून एकाच वेळचे पोटभर जेवण मिळायचे, हे तिने स्वतः सांगितले आहे. आई शिवणकाम करायची. शिबिराला गेले की दोन्ही वेळा नीट खायला मिळते, हेही तिला खेळाकडे ओढणारे एक कारण होते. २०१६ मध्येच घरच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचे ठरवले होते. समजूत घातल्यावर ती पुन्हा मैदानावर आली, असे तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी सांगितले होते. त्याच वर्षी ती देशाची कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेऊन परतली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार आला होता १९९८ मध्ये, शोभा नारायण यांच्या रूपाने. मध्ये तब्बल २२ वर्षे गेली. त्या २२ वर्षांत चांगले खेळाडू झाले नाहीत असे म्हणण्याची कुणाची छाती नाही. पुरस्काराच्या समितीपुढे ठेवायला मोठ्या स्पर्धेचे आंतरराष्ट्रीय पदक नव्हते, आमच्या मते हे त्यामागचे मोठे कारण. सारिका पुढे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली.

खो-खो याच जिल्ह्यात का रुजला, याला गूढ कारण शोधायची गरज नाही. दोन खांब, थोडी फक्की आणि मुरमाचे मैदान एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. ज्या जिल्ह्याचे नाव केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, जिथे पाऊस दर काही वर्षांनी दगा देतो आणि कोयता घेऊन माणसे कारखान्यांच्या फडावर जातात, तिथे हा हिशेब परवडणारा आहे. शरीराला मात्र तो स्वस्त पडत नाही. आठ जणी पाटीवर एकीआड एक उलट तोंड करून बसलेल्या, नववी पाठलागावर. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकड्या येतात. पारंपरिक डाव नऊ मिनिटांचा. साखळी करत पळणारी मुलगी खांबाजवळ वळली की मागची खांब धरून सूर मारते, आणि मुरमावर गुडघा नि कोपर सोलून निघते. आता मोठे सामने मॅटवर होतात. तिथे बूट घालून पळावे लागते, पाय वेगळा पडतो, वळणाचा अंदाज बदलतो. मातीवर वाढलेल्या मुलीला मॅटची सवय नसेल तर राष्ट्रीय स्पर्धेत पहिली दहा सेकंदे तिथेच जातात, आणि खो-खोत दहा सेकंदांत डाव फिरतो. २०२२ मध्ये ५५ वी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा याच शहरात झाली तेव्हा हे सारे धाराशिवकरांनी जवळून पाहिले आहे.

आता कुणी म्हणेल, खो-खोचा विश्वचषक झाला की! झाला, आणि दणक्यात झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला २३ देश आले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांनी दोन्ही चषक भारतात ठेवले; महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्याचा आनंद आहेच. पण दोन्ही अंतिम सामन्यांत समोर कोण होते? नेपाळ. महिलांनी ७८-४० असे हरवले, पुरुषांनी ५४-३६. पुरुषांच्या सलामीच्या सामन्यात तर नेपाळने आपल्याला ४२-३७ पर्यंत झुंजवले. हा नेपाळ, आणि त्याआधी अंतिम सामन्यांत भिडणारा बांगलादेश, आकाशातून पडलेले नाहीत. २०१६ आणि २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांमध्ये खो-खो होता म्हणून या देशांत शिबिरे लागली, संघ बांधले गेले. शेजाऱ्यांचे संघ तगडे असतील तरच आशियाई स्पर्धेच्या दाराशी हा खेळ ठामपणे उभा राहील. आशियाई ऑलिम्पिक परिषदेने २०१८ मध्ये खो-खोला मान्यता दिली, पण मान्यता म्हणजे पदक नव्हे. आशियाई खो-खो अजिंक्यपद स्पर्धेच्या भरवशावर राहावे तर तिचा इतिहास बघा: कोलकाता १९९६, ढाका २०००, आणि मग थेट इंदूर २०१६. एका खेळाडूची संपूर्ण कारकीर्द त्या फटीत मावते.

तरीही मूळ अडचण क्रीडा संघटनांच्या हातातली नाही, हे मान्य करायला हवे. पहलगामच्या हल्ल्यानंतर लाहोर-इस्लामाबादला भारतीय मुलींचा संघ पाठवा, असे कुणी शहाणा म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. विश्वचषकाच्या सलामीला मुळात पाकिस्तानचा संघ ठरला होता. त्याच्या जागी नेपाळ खेळला, आणि स्पर्धेचे काही बिघडले नाही. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये जे धोरण जाहीर केले त्यात पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने बंद, पण अनेक देशांच्या स्पर्धांना मनाई नाही, अशी फोड केलेली आहे. मग प्रश्न उरतो जागेचा. तो प्रश्न क्रिकेटपुढेही होता, आणि क्रिकेटने तो चुटकीसरशी सोडवला. चॅम्पियन्स करंडकाचे यजमान पाकिस्तान, भारताचे सामने दुबईत. आशिया चषकाचे यजमान आपण, स्पर्धा अमिरातीत. आणि २०२५ च्या त्या सप्टेंबरात भारत-पाकिस्तान एकदा नव्हे तर तीनदा खेळले. देशभावना तिथे आड आली नाही, कारण जाहिरातदार रांगेत उभे होते. खो-खोच्या पोरींसाठी त्रयस्थ मैदान शोधायला कुणी फोन उचलत नाही, यात राष्ट्रहित कमी आणि हिशेब जास्त आहे.

नेपाळने ही स्पर्धा तीनदा भरवली आहे, श्रीलंकेनेही भरवली आहे. भारतीय ऑलिम्पिक संघाने दक्षिण आशियाई ऑलिम्पिक परिषदेत स्थळबदलाचा ठराव मांडावा. तो अडला तर खो-खोपुरती तरी त्रयस्थ देशात स्वतंत्र स्पर्धा घ्यावी आणि तिथले पदक पुरस्कार व नोकरीसाठी ग्राह्य धरण्याचा आदेश आधीच काढावा. मागाहून काढलेल्या आदेशावर कारकून किती शंका काढतात, हे प्रमाणपत्र घेऊन क्रीडा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कुणालाही विचारा. राज्यात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यात बोगस प्रमाणपत्रांचे प्रकरण उघड झाल्यापासून पडताळणी कडक झाली, ते योग्यच. पण खरी खेळाडू अडते ती पडताळणीत नाही. ज्या स्पर्धेतले पदक पडताळायचे ती स्पर्धाच भरत नाही, तिथे अडते.

राज्य सरकारनेही आरशात पाहावे. विश्वचषकानंतर बक्षिसांच्या घोषणा झाल्या, सत्कार झाले, हारतुरे झाले. त्याला आक्षेप नाही. पण एकवेळ जेवून सराव करणाऱ्या मुलीला पैसा लागतो तो पदकाच्या आधी. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आठही तालुक्यांच्या ठिकाणी एकेक मॅट, सरावाला येणाऱ्या मुलींना रोजचे दूध-अंडी आणि खेड्यातून येणाऱ्यांसाठी राहायची सोय, एवढे करायला विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी एका बैठकीत हे मंजूर करू शकतात. भूम-परंड्याच्या मुलीला सरावानंतर संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत, ही अडचण काही परराष्ट्र खात्याची नव्हे.

नेपाळमधल्या स्पर्धेच्या वेळी जी मुलगी चौदा वर्षांची होती आणि शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा पाटीवर बसत होती, ती आता वीस ओलांडून गेली आहे. खो-खोत पळणाऱ्या मुलीची ऐन उमेदीची वर्षे पंचविशीच्या आसपास संपतात. लग्नाचा विषय घरात त्याआधीच निघतो. ऑलिम्पिक संघाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत स्थळबदलाचा विषय आहे की नाही, हे जिल्ह्याच्या खासदारांनी क्रीडा मंत्र्यांना संसदेत थेट विचारावे.