भेटकार्ड कोणाचे? यंत्राचे की माझे?



दिवाळीच्या भेटकार्डांसाठी बाईंनी यंदा कागद कापायचे छोटे यंत्र शाळेत आणले. त्याला वीज लागत नाही. पोलादी साच्याच्या धारदार कडेवर घोटीव कागद ठेवायचा, खाली-वर प्लॅस्टिकच्या पाट्या लावायच्या आणि हँडल फिरवायचे. दोन रुळांमधून दाबून बाहेर आले की फूल तयार! छापखान्यात लग्नपत्रिका नि खोकी अशीच साच्याने कापतात.

आधी मला रागच आला. म्हटलं, सगळ्यांची फुलं सारखी, मग माझं कार्ड ओळखायचं कसं? मी कात्रीने कापलेल्या फुलाची एक पाकळी नेहमी लहान होते. आजी त्यावरूनच ओळखते.

पण माझ्या शेजारच्या मैत्रिणीच्या उजव्या हाताला जोर नाही. कात्री तिला धरवत नाही. दर वर्षी ती नुसती खळ लावायची. यंदा तिने डाव्या हाताने हँडल फिरवलं आणि आईसाठी पहिल्यांदाच आख्खं कार्ड स्वतः केलं. माझा राग तिथेच गेला.

म्हणून मला वाटते, यंत्र असावे. पण पहिला नंबर ज्याला कात्री जमत नाही त्याचा. बाकीच्यांनी कात्री सोडू नये. हाताला वळण कापून कापूनच लागते. आणि आतला मजकूर प्रत्येकाने आपल्या मनाने लिहावा. त्याला साचा नसतो.

पालकहो, जुन्या लग्नपत्रिका टाकू नका, शाळेत पाठवा. त्यांचा जाड कागद आम्हांला उपयोगी पडेल.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी