प्रेमकथेचा सातबारा

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाकडे गोष्ट पाठवली होती. प्रेमाची. पोरगा कुरिअरची पाकिटं वाटणारा, पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वस्ती एकच. पण तो मातंग आणि ती बौद्ध. जातीची खुंटी आपल्याही घरात ठोकलेली आहे आणि ती उपटल्याशिवाय दुसऱ्याच्या वाड्याकडे बोट दाखवायचा हक्क आपल्याला नाही, हे मला सांगायचं होतं. दोघं भेटतात पहाटे साडेचारला, सार्वजनिक नळावर. हंडे रांगेत लावलेले. पाणी यायला अजून वीस मिनिटं. तेवढा वेळ त्यांचा.

संपादकांचं उत्तर आलं. भाषा सभ्य. कथा चांगली आहे, संवाद जिवंत आहेत, फक्त वातावरण प्रेमकथेला पोषक वाटत नाही. भेटीची जागा बदलता आली तर पाहावं.

पोषक नाही! च्यायला, मी गोष्ट लिहिली होती की द्राक्षाचा मळा लावला होता?

राग उतरल्यावर मात्र वाटलं, हा गृहस्थ नकळत खरं बोलून गेला. आपल्याला कॉलेजात शिकवलं ते असं: कथानक, पात्रं, संवाद आणि मग वातावरण. वातावरण सगळ्यात शेवटी, ताटातल्या लोणच्यासारखं. असलं तर बरं, नसलं तरी जेवण होतं. हे साफ झूट आहे, दोस्तहो. प्रेमकथेत जागा आधी येते, प्रेम मागून येतं. जागा कुणाच्या मालकीची, तिला दार आहे की नाही, तिथं किती वेळ बसू देतात, यावर प्रेम कसं होणार ते ठरतं. प्रस्थापितांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर ते जागा बदलायला सांगतात, माणसं बदलायला सांगत नाहीत. जागा बदलली की माणसं आपोआप बदलतात.

ना. सी. फडके घ्या. जन्म १८९४ चा, गेले १९७८ ला. १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून त्यांनी लेखनाचं तंत्र शिकवलं आणि पुढच्या दोन पिढ्या ते तंत्र पाटीवर गिरवत बसल्या. मी वाचले तेवढ्या फडक्यांत कॉलेज आहे, टेनिस आहे, मोटार आहे, बंगल्याचा व्हरांडा आहे. नायकाला कुठं जायची घाई नाही, नायिकेला पाणी भरायचं नाही. हे फडके शिकवायला होते कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात. म्हणजे ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, जिथं माणगावला मार्च १९२० मध्ये बाबासाहेब बोलले, त्याच संस्थानात. त्या गावाच्या महारवाड्याचा रस्ता मला काही त्या कादंबऱ्यांत सापडला नाही.

फडक्यांना लिहिता येत नव्हतं असं मी म्हणत नाही. काय गुळगुळीत चालतं त्यांचं वाक्य! आठवीत असताना लायब्ररीतून आणून पोटमाळ्यावर बसून मी ती पुस्तकं वाचली. आणि खरं सांगतो, वाचताना मी त्या व्हरांड्यात नायकाच्या खुर्चीत बसलो होतो. चहाचा ट्रे आणणारा गडी मी नव्हतोच. मग खालून आई हाक मारायची, रॉकेल आण. तेव्हा पोटमाळा दिसायचा, त्याचा पत्रा दिसायचा, आणि त्याची लाज वाटायची. ही त्या वातावरणाची करामत. ते तुम्हाला तुमच्या घरातून उठवून नेतं आणि परत आणून सोडतं तेव्हा तुमचंच घर तुम्हाला परकं करून ठेवतं.

हे काही मराठीतच आहे असं नाही. इंग्रजांची ती लाडकी प्रेमकादंबरी, जेन ऑस्टिनची, १८१३ ची. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. त्यातली एलिझाबेथ डार्सीला आधी झिडकारते. मग त्याची पेंबर्लीची जहागीर बघते, बाग, नदी, वाडा. पुढं बहीण विचारते, अगं तुझं मन कधी बसलं त्याच्यावर? तर ही हसत सांगते की पेंबर्लीची जमीन पाहिली तेव्हापासून. थट्टाच ती. पण बाई हुशार होती, थट्टेत सातबारा दाखवून गेली.

आता आपल्याकडे या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. बीडीडीच्या सगळ्या मिळून २०७ चाळी, १९२० च्या दशकात इंग्रज सरकारनं बांधलेल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास सामाईक. एका खोलीत तीन पिढ्या. घरात लग्न झालं की म्हातारा गॅलरीत पथारी टाकायचा, धाकटे दीर गच्चीवर, सासू जिन्याच्या तोंडाशी. आणि पावसाळ्यात सगळेच आत. मग मध्ये एक साडी बांधायची. त्या साडीच्या पलीकडं दोन माणसं एकमेकांशी काय बोलली असतील? मोठ्यानं हसता येत नाही, भांडता येत नाही, रडताही येत नाही. जानेवारी १९७४ मध्ये पँथरची सभा आणि दंगल झाली ती ह्याच वरळीत. दंगल पुस्तकांत आली, यायलाच हवी होती. साडीपलीकडची कुजबूज किती आली? आता पुनर्विकासात पाचशे फुटांचे फ्लॅट मिळू लागलेत, २०२५ मध्ये वरळीत पहिल्या चाव्या वाटल्या गेल्या. पोरांना स्वतंत्र खोली मिळेल, चांगलंच आहे. पण ती कुजबूज आता कोण लिहिणार?

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही १९६३ ची कथा आपण सगळ्यांनी वाचलीय, भाषणात वापरलीय. ती प्रेमकथा नाही. पण ती प्रेमकथेच्या शेजारी ठेवून एकदा वाचा. सुरतेजवळच्या उधन्याला रेल्वेत नोकरी लागलेला तरुण. पोटाला मिळेल, अंगावर कपडे चांगले, वाचनाचा नाद, डोक्यात नवा देश. फडक्यांच्या नायकाला जे लागतं त्यातलं बरंच त्याच्याकडं आहे. एकच नाही. खोली. खोली पाहिजे तर जात चोरावी लागते, आणि चोरी उघडी पडली की मार. बागुलांनी जे लिहिलं ते आहेच. पण मला वाटतं, आपल्या साहित्यात प्रेमकथा कमी का, त्याचंही उत्तर तिथंच आहे. ज्याला खोली भाड्यानं मिळत नाही त्यानं चांदण्याचं वर्णन कुठं बसून करायचं?

पण ह्यावरून कुणी असं म्हणेल की आपल्याकडं प्रेम नव्हतंच, फक्त दुःख होतं, तर तेही खोटं. अण्णाभाऊ साठे आठवा. वाळवे तालुक्यातलं वाटेगाव सोडून मुंबईला आलेला माणूस, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. कामगार मुंबईत, बायको गावाकडं. सगळी प्रीत त्या दोन जागांमधल्या अंतरावर उभी आहे. आणि मग शाहीर काय करतो? ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख होतो. बाईचा विरह आणि जमिनीचा विरह एक झाला. शिवाजी पार्कावर हजारो गिरणी कामगार ऐकत होते, कुणाला वाटलं नाही की वातावरण पोषक नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांची मैना खरोखरच गावावर होती. साल्या कुठल्या तंत्राच्या पुस्तकात हे शिकवतात?

आणि ज्याला अजून पटत नसेल त्यानं दोन सिनेमे पाठोपाठ बघावेत. नागराज मंजुळेंचा 'सैराट', २०१६. करमाळ्याकडचा मुलूख, ऊस, धूळ, आणि ती विहीर. पोरं विहिरीत पोहतायत आणि पाटलाची लेक येऊन त्यांना बाहेर काढते. लोकांनी टाळ्या पिटल्या, पोरगी काय डॅशिंग! अरे पण विहीर कुणाची? पाण्यावर हुकूम कुणाचा? महाडच्या तळ्याची आठवण असलेल्या माणसाला तो प्रसंग नुसता गंमतीचा वाटूच शकत नाही. पुढं ती दोघं हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचतात आणि मग प्रेम म्हणजे डोशाची गाडी, बाटल्या भरायचा कारखाना, कुबट खोली. आणि घर उभं राहिल्यावर, चहा ठेवल्यावर, मारेकरी घरात येतात.

ह्याच गोष्टीचा हिंदीत २०१८ साली 'धडक' झाला. जागा बदलली. उदयपूर. तलाव, हवेल्या, पोरीचा बाप राजघराण्यातला हॉटेलवाला. झालं! जात एक-दोन वाक्यांपुरती उरली. श्रीमंत-गरिबाचं जुनंच भांडण झालं. गोष्ट तीच, क्रम जवळपास तोच, मग गेलं काय? विहीर गेली. माझ्या संपादकाला हेच तर हवं होतं, फक्त त्याच्याकडं उदयपूरला जायचं बजेट नव्हतं.

सिनेमात विहीर, बाहेर शाळा. २०१४ च्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित पोराला शाळेतून मारत नेलं, मारून झाडाला लटकवलं. वरच्या जातीतल्या पोरीशी बोलतो म्हणून. २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. शाळा! पांढरपेशांच्या कितीतरी गोड गोष्टी शाळेच्या वर्गात सुरू होतात: चिठ्ठी, वही, शेवटचा बाक. तोच बाक, तीच वही. जागा एकच, पण आपल्या पोरासाठी ती वेगळी असते. ही गोष्ट ज्या लेखकाला कळत नाही त्यानं वातावरणनिर्मितीवर व्याख्यानं देऊ नयेत.

आता थोडं आपल्याच लोकांशी. आपल्यातले काही शहाणे म्हणतात, प्रेमबिम बुर्झ्वा चाळे आहेत, विद्रोही लेखकानं मोर्चा लिहावा. मी विचारतो, 'जातिव्यवस्थेचं निर्मूलन' वाचलंत का? १९३६. बाबासाहेब सांगतात की सहभोजनानं जात मोडली नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्न. मग लग्नाआधी पोरं भेटणार कुठं? त्यांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ काढलं, १९५० ला त्या वेळच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं. तिथं आपली पहिली पिढी शिकली, लढली आणि, लाजता कशाला, प्रेमातही पडली. त्या कॅन्टीनची, त्या झाडांखालची कादंबरी कुठंय? कवितेत आपण ज्वालामुखी झालो आणि प्रेमाचं लिहायची वेळ आली की सारसबागेत जाऊन बसलो.

आणि पोरींचं काय? पोराला नाका आहे, जयंतीचं मंडळ आहे, रात्री बारापर्यंत कट्टा आहे. तिला नळ, लोकलचा लेडीज डबा आणि क्लासहून घरी यायचा रस्ता. आणि त्या रस्त्यावर उभा कोण? तिचा भाऊ. हाताला निळा दोरा, मोबाइलवर बाबासाहेबांचा फोटो. त्याच्या गोष्टीत तो नाक्यावर बसलेला नायक असतो. तिच्या गोष्टीत तो चौकीदार आहे. नाका तोच. ती गोष्ट तिनं लिहावी, आणि लिहिली की आपण ऐकून घ्यावी, मध्ये मध्ये समाजाची इज्जत न काढता. मी लिहिलेल्या गोष्टीतही पोरीचं आतलं मला नीट जमलेलं नाही, हे कबूल.

समुद्रावर जा म्हणाल तर समुद्रही फुकट नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मढ-अक्साकडच्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घातल्या आणि सज्ञान जोडप्यांना ठाण्यात नेऊन बसवलं. ज्यांच्याकडं स्वतःचं दार आहे त्यांच्या दारावर अशी थाप पडत नाही.

ती गोष्ट मी बदलली नाही. एक प्रसंग तेवढा वाढवला, शेवटी. दोघं रजिस्टर लग्नाला जातात. १९५४ च्या कायद्यानं तीस दिवसांची नोटीस लागते, कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात, कुणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. कारकून विचारतो, पत्ता नीट सांगा, घर नंबर? पोरगी सांगते, नंबर नाही. मग खूण काय लिहू? पोरगा तिच्याकडं बघतो. ती म्हणते, लिहा, सार्वजनिक नळाजवळ.